शेऱ्याच्या रकान्यातली चूक आणि दुसऱ्या मजल्यावरचे दप्तर : दिव्यांगांविषयीचे जुने सरकारी अभिलेख कोल्हापुरात कुठे आणि कसे पाहावेत?

प्रश्नकर्ती : मंगळवार_पेठ

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४६. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा उजवा पाय अधू असून घरात मी कुबडीवर आणि बाहेर चाकाच्या खुर्चीवर वावरते. आम्ही चार मैत्रिणींनी मिळून एक पुस्तिका काढायचे ठरवले आहे. गेल्या पन्नास वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातील दिव्यांग माणूस घराचा उंबरा ओलांडून शाळेत, एस.टी.त, नोकरीत, देवळात, नाटकाला आणि मतदानाला कसा जाऊ लागला, आणि कुठे अजूनही जाऊ शकत नाही, हे तिच्यात यावे आणि ते केवळ आठवणींच्या भरवशावर न लिहिता सरकारी कागदांच्या आधाराने लिहावे, असा विचार आहे. आठवणी आमच्याकडे पोत्याने आहेत. कागद एकही नाही.

त्यासाठी मागच्या महिन्यात मी शहरातील एका सरकारी कार्यालयात गेले. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या माणसांनी मला मदतच केली. दाराशी नऊ पायऱ्या, अभिलेख कक्ष दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. शिपाईमामांनी लाल रुमालात बांधलेले एक दप्तर खाली आणून जिन्याखालच्या बाकावर ठेवले आणि "बघा सावकाश" असे म्हणून ते आपल्या कामाला गेले. त्यात १९८७ सालची साहित्य वाटपाची नोंदवही निघाली. पाने उलटता उलटता मला माझेच नाव दिसले. "कॅलिपर, उजवा पाय, १. बूट, जोडी १." कॅलिपर म्हणजे अधू पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट. पुढे पोचपावतीच्या चौकटीत जांभळ्या शाईचा अंगठा. तो माझ्या आजीचा, कारण त्या दिवशी वडील कारखान्यात पाळीवर होते आणि मला पाठुंगळी घेऊन तीच गेली होती. शेवटच्या "शेरा" या रकान्यात सुबक अक्षरात लिहिले होते : "मुलगी शाळेत जात नाही. घरकामास उपयोगी होईल."

मी तेव्हा तिसरीत होते. फार हुशार होते असे नाही, पण शाळेत रोज जात होते, आणि तेही आजीच्याच पाठीवरून. आजीला काही विचारले गेले होते की नाही, हे सांगायला ती आता नाही. छायाचित्र काढू का असे विचारले, तर साहेबांची परवानगी लागेल असे उत्तर मिळाले. साहेब दौऱ्यावर होते.

माझे प्रश्न असे आहेत. संस्थानकाळापासून आजपर्यंतचे असे कागद कोणत्या कार्यालयांत असू शकतील? अर्ज कसा करावा, म्हणजे हेलपाटे कमी होतील? ज्या खोलीपर्यंत मी पोहोचूच शकत नाही तिथला कागद पाहण्याचा माझा हक्क कायद्यात कुठे लिहिलेला आहे का? आणि तो चुकीचा शेरा दुरुस्त करून मिळतो का? शेवटचा प्रश्न पुस्तिकेसाठी नाही, माझ्यासाठी आहे.


प्रतिसाद : निवृत्त_कारकून

ताई, मी या जिल्ह्यातील निरनिराळ्या कार्यालयांत ३४ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील अकरा वर्षे अभिलेख कक्षात काढली, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

"अपंग पुनर्वसनाची माहिती मिळावी" असा अर्ज केलात, तर "सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते खोटेही नसते. सरकारी दप्तरात विषय नसतो, नोंदवही असते. म्हणून नोंदवहीचे नाव घेऊन मागणी करावी. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणाकडे विशेष शाळांचे अनुदान, दिव्यांग विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, साहित्य वाटप आणि बीजभांडवल कर्जाची प्रकरणे असतात. रोजगार कार्यालयाकडे नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांच्या नोंदी असतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे काम सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे असते. उतरंड, म्हणजे रॅम्प, आणि लिफ्टची अंदाजपत्रके सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महानगरपालिकेकडे. आणि स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते, तिचा हिशेब त्या त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. हा शेवटचा कागद मागायला विसरू नका. उतरंड बांधली की नुसती रंगवली, हे त्यात दिसते.

तारखाही ध्यानात ठेवा, नाहीतर भलत्याच दारात उभे राहाल. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ मध्ये महानगरपालिका झाली. मंत्रालयातला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग तर २०२२ चा. प्रत्येक वेळी कामे इकडून तिकडे गेली, पण कागद कामाच्या मागोमाग जातातच असे नाही. पुष्कळदा ते जुन्या कार्यालयाच्या माळ्यावरच राहतात आणि नव्या कार्यालयातील माणूस प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे असे काही नाही.

शब्दांचेही तसेच. "दिव्यांग" हा शब्द सरकारी कागदांत रुळला तो २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी तो वापरावा असे सुचवल्यानंतर. त्याआधीच्या नोंदवह्यांत "अपंग" आणि "विकलांग" शोधा. त्याच्याही मागे जायचे तर "पंगू", "आंधळे", "मुके-बहिरे", "वेडे", "महारोगी" हे शब्द. आज ते कानाला टोचतात, पण अनुक्रमणिका त्याच शब्दांनी लावलेली आहे. आमच्या एका सहकाऱ्याने "दिव्यांग" या नावाने १९८० चे कागद शोधायला अख्खा आठवडा घालवला होता.

कागद टिकतात किती, हे तर फारच महत्त्वाचे. आमच्याकडे कागदांची वर्गवारी अ, ब, क, ड अशी. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग थोड्या वर्षांचा, आणि ड वर्ग जेमतेम वर्षभराचा. सहा गठ्ठे पद्धतीतला सहावा गठ्ठा नाश करायच्या कागदांचाच. साहित्य वाटपाची नोंदवही काही अ वर्गात बसणारी नव्हे. म्हणजे तुमची १९८७ ची वही आजवर राहिली, हा नियमाचा नव्हे तर कोणाच्या तरी आळसाचा प्रसाद आहे. त्या आळशी माणसाचे आभार माना. आणि जे कागद नष्ट केले त्यांची यादी कार्यालयाने ठेवायची असते, तीही मागा. काय होते आणि काय गेले, हे त्या यादीवरून कळते.

दप्तर वर का, याचेही एक कारण सांगतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्याने पाहिले, तो माणूस कोल्हापुरात तळमजल्यावर अभिलेख ठेवायला धजणार नाही. तेव्हा दप्तर खाली ठेवा असा आग्रह धरू नका. दप्तर वर राहू द्या. तुम्ही मागाल ते खाली यावे आणि खाली बसायला नीट मेज, खुर्ची, उजेड असावा, एवढे मागा. जिन्याखालचा बाक ही काही व्यवस्था नव्हे.

आता तुमचा शेरा. जुन्या नोंदीत खाडाखोड करून मिळणार नाही आणि तशी मागणीही करू नये. आज तुमच्यासाठी शेरा बदलला, तर उद्या कोणासाठी काय बदलेल याचा नेम नाही. पण तुमचे म्हणणे लेखी अर्जाने आवक करून घेता येते आणि तो अर्ज त्या नोंदवहीसोबत ठेवावा अशी विनंती करता येते. मात्र नुसते म्हणणे नको, पुरावा जोडा. तुमच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपायचे असते. मुख्याध्यापकांकडून त्याचा उतारा घ्या. सरकारी कागदाला सरकारी कागदानेच उत्तर द्यावे.

जाता जाता : हे सगळे कागद एकदा स्कॅन करून संगणकावर चढवले की तुमचा जिन्याचा प्रश्नच मिटेल, असे मला वाटते.


प्रतिसाद : जुने_कागद

मी इतिहासाचा अभ्यासक आहे, दिव्यांगांच्या प्रश्नांचा जाणकार नव्हे. तरी स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांबद्दल लिहितो.

संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे आणि त्यातला मोठा भाग मोडी लिपीत आहे. तिथे "पुनर्वसन" असा विभाग सापडणार नाही, कारण ती कल्पनाच तेव्हा सरकारदरबारी नव्हती. दरबाराच्या कागदांत अंध किंवा पंगू माणूस भेटतो तो नेमणूक (म्हणजे बांधून दिलेली रक्कम), खैरात, धर्मादाय आणि दवाखान्याच्या खर्चात. म्हणून मागणी तशा शब्दांत करावी. महारोग्यांची व्यवस्था हाही त्या काळातला शोधण्यासारखा विषय; ब्रिटिश सरकारचा १८९८ चा कायदा त्यांना वेगळे ठेवण्यासाठीच होता. तो रद्द झाला २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात "कुष्ठरोगमुक्त व्यक्ती" हा १९९५ च्या कायद्यातला प्रकार कायम राहिला. शेंडा पार्कच्या कुष्ठधामावरून जाताना हे दोन कायदे एका वर्षात एकमेकांना ओलांडून गेल्याचे आठवावे.

दुसरा मोठा साठा जनगणनेचा. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत व्यंगाची मोजणी झाली आणि मुंबई इलाख्याच्या खंडांत संस्थानांचेही तक्ते आहेत. पण मोजले कोणाला, हे पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांत गणकाला दिलेली सूचना साधारण अशी असे : दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळा, वेडा, जन्मापासून मुका-बहिरा आणि अंग झडणारा महारोगी असेल तरच लिहावे; एका डोळ्याने आंधळा किंवा अंगावर पांढरे कोड असलेला लिहू नये. चारच प्रकार. ताई, तुमच्यासारखी पायाने अधू असलेली व्यक्ती यांतल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. लंगडा माणूस गावात सगळ्यांना दिसत होता, त्या जनगणनेच्या कागदाला दिसत नव्हता.

पुढे ही माहिती भरवशाची नाही म्हणून १९४१ ते १९७१ च्या जनगणनांत हा प्रश्नच वगळला गेला. म्हणजे फाळणी, संस्थानांचे विलीनीकरण, पोलिओच्या साथी आणि राज्याची निर्मिती एवढ्या मोठ्या काळात जनगणनेचा एकही आकडा नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून त्या वर्षी पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके असे तीन प्रकार विचारले गेले; १९९१ मध्ये पुन्हा काहीच नाही. २००१ मध्ये पाच प्रकार, २०११ मध्ये आठ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. २०१६ च्या कायद्याने आणखी प्रकार धरून ते एकवीस केले. आता १९८१ चा आकडा २०११ च्या शेजारी ठेवून "दिव्यांग वाढले" असे कोणी लिहिले तर त्याला थांबवा. वाढले ते रकाने. पुस्तिकेत आकड्यांचे पान करणार असाल, तर प्रत्येक आकड्याखाली त्या वर्षीचा प्रश्न काय होता तेही छापावे, ही माझी आग्रहाची सूचना.

पुनर्वसन या शब्दाचा आजचा अर्थ आपल्याकडे आला तो बराचसा लष्करातून. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल संस्था पुढे खडकीत स्थिरावली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. सैनिक टाकळीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे अशा जायबंदी जवानांच्या पेन्शनचे कागद घरोघरच्या ट्रंकांत असणारच. सरकारी दप्तर थकले तिथून त्या ट्रंका सुरू होतात. नागरी बाजूला मुंबईत हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची आणि अपंगांसाठीचे पहिले खास रोजगार कार्यालय १९५९ चे. कोल्हापुरातून मुंबईला उपचाराला किंवा नोकरीच्या नोंदणीला गेलेल्यांच्या खुणा तिथे मिळाव्यात.

कोल्हापूरच्या बाबतीत एका बिनसरकारी साठ्याचा उल्लेख करायलाच हवा. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आणि तिचे उचगावचे वसतिगृह यांच्याशिवाय तुमचा इतिहास पुरा होणार नाही. नोंदणीकृत विश्वस्त संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी सादर होतात, म्हणून अशा संस्थांचे जुने ताळेबंद तिथेही पाहता येतात. किती कॅलिपर, किती शस्त्रक्रिया, वसतिगृहाला किती धान्य, हे ताळेबंदात जेवढे स्पष्ट असते तेवढे भाषणांत नसते. आणि करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या वृत्तपत्रांच्या फायली विचारा; संस्था १८५० ची आहे, चिकाटीने विचारल्यास निराश करत नाही.


प्रतिसाद : ऐकून_वाचणारा

मी पूर्ण अंध आहे आणि वकिली करतो. निवृत्त_कारकून काकांच्या अनुभवाला नमस्कार करून त्यांच्या शेवटच्या वाक्याला मात्र हरकत घेतो. कागद स्कॅन केला की ताईंचा जिना मिटेल, पण माझ्यासाठी नवा जिना उभा राहील. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र. माझ्या संगणकातील एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर त्यावर येते आणि "रिकामे पान" असे सांगून गप्प बसते. शासन निर्णयांच्या जुन्या फायलींचे तर आणखी विचित्र. त्या टंकलिखित असतात, पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. "अपंग" हा शब्द माझ्या कानात "डॉलर, कंसात वाय, स्वल्पविराम" अशा थाटात येतो. अपंग कल्याणाच्या एका जुन्या निर्णयाची दोन पाने मी अशी ऐकली आहेत. त्यानंतर शेजारच्या मुलाला चहा पाजून ती वाचून घेतली.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम १२ न्याय मिळवण्याच्या सुलभतेविषयी आहे आणि त्याच्या पोटकलम (४) मध्ये शासनाने आपले सर्व सार्वजनिक दस्तऐवज सुलभ स्वरूपात राहतील हे पाहावे, तसेच अभिलेखांच्या कार्यालयांत कागद सुलभ स्वरूपात दाखल करणे, साठवणे आणि पाहणे शक्य होईल अशी साधने पुरवावीत, असे म्हटले आहे. हे कलम फक्त न्यायालयांपुरते आहे असे कोणी सांगेल. तसे सांगणाऱ्याला "सर्व सार्वजनिक दस्तऐवज" हे शब्द पुन्हा वाचायला सांगावे. कलम २२ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने आपल्याकडील दिव्यांग कर्मचारी आणि त्यांना दिलेल्या सुविधा यांचे अभिलेख ठेवायचे आहेत. ते पाहण्याचा अधिकार मात्र प्राधिकृत व्यक्तींना आहे, तेव्हा आपण माहितीच्या अधिकारातून आकडेवारी मागावी.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अर्ज करायला सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याचे कलम ७(४) फारसे कोणी वापरत नाही. ज्ञानेंद्रियांशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला अभिलेख पाहायचा असेल, तर पाहणीसाठी योग्य ते साहाय्य करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर आहे, असे ते सांगते. शब्दशः घेतले तर त्यात मी बसतो, ताई बसत नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर न दिसणारा आणि न ऐकणारा माणूस आला, न चढू शकणारा आला नाही. ताईंसाठी आधार २०१६ च्या कायद्याचा.

अर्जाच्या बाबतीत एवढे सांभाळा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे; शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. प्रती मागण्याऐवजी आधी "अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी" मागा, कारण पाहणीत आपल्याला हवे ते पान सापडते आणि नको त्या दोनशे पानांचे पैसे वाचतात. अर्जातच लिहा : "अर्जदार चाकाच्या खुर्चीचा वापर करते, सबब पाहणीची व्यवस्था तळमजल्यावर, पायऱ्या नसलेल्या जागी करावी व वेळ आगाऊ कळवावी." उत्तर ३० दिवसांत अपेक्षित आहे. न आल्यास ३० दिवसांत २० रुपयांच्या शुल्कासह पहिले अपील, आणि तिथेही बोळवण झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे. तुम्ही खेटे घालायचे नाहीत.

दाराशी नऊ पायऱ्या आहेत असे तुम्ही लिहिले. पायरी सहसा १५ सेंटिमीटरची धरली तर उंची १३५ सेंटिमीटर झाली. उतरंडीचा चढ एकास बारा ठेवायचा, म्हणजे तिची लांबी १६ मीटरांहून अधिक हवी आणि मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा हवा. आपल्याकडे दोन-अडीच मीटरांचा सिमेंटचा उतार टाकून त्याचा फोटो अहवालाला जोडतात. त्यावरून खुर्ची वर जात नाही, खाली मात्र झपाट्याने येते. म्हणून बांधकाम विभागाकडून "रॅम्प आहे किंवा नाही" असे विचारू नका. लांबी, उंची आणि मोजमाप पुस्तकातील नोंद मागा.

हा चढ सक्तीचा की ऐच्छिक, हा वाद आता उरलेला नाही असे मी मानतो. राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्देश दिले. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात २०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम केवळ शिफारशी करत होता. सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवावीत असेही केंद्राला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. काकांच्या स्कॅनला माझे उत्तर या निकालात आहे.

तक्रार करायची वेळ आलीच, तर न्यायालयाच्या आधी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करा. शिवाय कलम २३ प्रमाणे नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवावी लागते आणि दोन आठवड्यांत चौकशी करावी लागते. ती नोंदवही आहे का, आणि असल्यास तिच्यात किती तक्रारी आहेत, हाही तुमच्या पुस्तिकेसाठी एक अर्ज.

एक इशारा. लाभार्थ्यांची नावे, निदान, टक्केवारी हे सगळे मागू नका. वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(ञ) आडवे येईल, आणि यायलाच हवे. आपले नाव कोणत्या गावच्या कोणत्या यादीत "मतिमंद" म्हणून आहे, हे पुस्तिकेत छापून यावे असे कोणाला वाटेल? स्वतःची नोंद मागायला अडचण नाही. इतरांचे आकडे घ्या, नावे नकोत.


प्रतिसाद : निवृत्त_कारकून

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य. "रिकामे पान" हे मला माहीत नव्हते. आम्ही निवृत्तीच्या आधी दोन वर्षे जिवाचे रान करून हजारो पाने स्कॅन केली आणि त्याचा सत्कारही घेतला. त्या पानांना निदान वर्ष, नोंदवहीचे नाव आणि पान क्रमांक एवढी टंकलिखित अनुक्रमणिका जोडली असती, तरी यांना शोधता आले असते. ते काम तेव्हा चार माणसांत महिन्याभरात झाले असते.

ताई, आणखी एक आठवले. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे तीन थर आहेत. आधी वैद्यकीय मंडळाची हस्तलिखित प्रमाणपत्रे, नंतर राज्याच्या एसएडीएम प्रणालीतील संगणकीय प्रमाणपत्रे, आणि आता केंद्राचे यूडीआयडी कार्ड, ज्याचा रंग टक्केवारीप्रमाणे ठरतो : ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा. एकाच माणसाची तिन्ही कागदांवरची टक्केवारी वेगवेगळी निघते, आणि त्या फरकामुळे एस.टी.ची सवलत बंद झालेली माणसे मी पाहिली आहेत. तुमच्या मैत्रिणींनी आपापले तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. त्याला कोणत्याही कार्यालयात जावे लागत नाही.


प्रतिसाद : मंगळवार_पेठ

काका, सर आणि वकीलसाहेब, तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण तुमच्या सांगण्याप्रमाणे करून पाहूनच लिहायचे असे ठरवले होते.

पाहणीचा अर्ज दीडशे शब्दांत बसवला. एकशे बेचाळीस झाले. चोविसाव्या दिवशी पत्र आले आणि तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत मेज मिळाले. नऊ पायऱ्या मात्र आहेतच. मला खुर्चीसकट चौघांनी उचलले आणि त्यांतील एकाची कंबर धरली. हेही पुस्तिकेत येईल. मोजमाप पुस्तकातील नोंदीसाठी बांधकाम विभागाकडे वेगळा अर्ज केला आहे. नष्ट केलेल्या कागदांची यादी मागितली, तर ती दोन वर्षांचीच निघाली. बाकीच्या वर्षांचे काय, याचे उत्तर अपिलात मागितले आहे. तिन्ही प्रमाणपत्रे आम्ही चौघींनी जमिनीवर मांडून पाहिली. माझी टक्केवारी ६०, ५२ आणि ५५ अशी आहे. पाय तोच आहे.

शाळेचा उतारा मिळाला. मुख्याध्यापिका बाईंनी जनरल रजिस्टर स्वतः कपाटातून काढले. त्यात माझे नाव, जन्मतारीख, पहिलीत दाखल झाल्याचा दिवस, आणि चौथी पास होऊन गेल्याचा दिवस. हजेरी चांगली. पायाचा उल्लेख कुठेही नाही. एका सरकारी वहीत माझा पाय आहे आणि शाळा नाही, दुसरीत शाळा आहे आणि पाय नाही. दोन्ही वह्या एकाच वर्षाच्या, आणि दोन कार्यालयांमधले अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे.

अर्ज आवक झाला. त्यात मी एवढेच लिहिले : "नोंदवहीत नमूद मुलगी १९८७ साली इयत्ता तिसरीत शिकत होती. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सोबत जोडला आहे. तिला शाळेत तिची आजी पाठीवरून नेत असे. नोंदवहीतील अंगठा त्यांचाच आहे." साहेबांनी शेवटचे वाक्य कार्यालयीन कामकाजाचा भाग नाही म्हणून काढावे असे सुचवले. मी काढले नाही, आणि त्यांनीही पुढे आग्रह धरला नाही. "नोंदवहीसोबत ठेवावे" असा त्यावर शेरा मारून त्यांनी सही केली आणि शिपाईमामांनी तो कागद माझ्यासमोर त्या पानाला टाचला.

आता दरबारच्या खैरातीच्या कागदांकडे वळायचे आहे. पुरालेखागारात मंगळवारी सकाळी जायचे ठरले आहे. आमच्या चौघींपैकी कोणालाही मोडी येत नाही. कोल्हापुरातील कोणी मोडी जाणणारे दोन तास येऊ शकतील का? रिक्षाचे भाडे आम्ही देऊ.